वुडलाउस: एकाच अंगावर नर आणि मादी, आणि मधे एक जिवाणू

पाचोळा

गेली काही वर्षं मी एका डब्यात पाचोळा, ओली माती आणि कुजकं लाकूड घालून वुडलाउस पाळते आहे. ज्यांना नाव ओळखीचं नाही त्यांच्यासाठी सांगते. कुंडी किंवा दगड उचलला की खाली जे करडे, पाठीवर आडव्या पट्ट्यांचं चिलखत असलेले जीव पळापळ करतात, ते हे. काही जाती बोट लागताच गोळी होतात. त्यामुळे बरेच जण यांना 'पैसा' किंवा 'वाणी' समजतात, पण तो निराळा प्राणी. पैशाच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, याला सगळ्या मिळून सात. आणि हा कीटकही नाही. खेकडा-कोळंबीच्या गोतातला, पाणी सोडून जमिनीवर राहायला आलेला प्राणी आहे. मादीच्या पोटाखाली पातळ पडद्यांची पिशवी असते, त्या पिशवीत पाण्याची जागा करून ती अंडी आणि पिल्लं वाढवते. बाहेर पडताना पिल्लाला पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी पुढे कात टाकल्यावर येते.

माझ्याकडची जात गोळी होणारी, आर्माडिलिडियम वल्गेर. एक पिशवी भरलेली मादी मी वेगळी ठेवली होती. तिची पिल्लं मोठी झाल्यावर एकेकाला काचेवर उताणं धरून भिंगातून पाहिलं. नराच्या पोटाच्या मागच्या भागात, पहिल्या दोन जोड्यांच्या पोटपायांना लांब टोकदार नळ्या असतात, शुक्राणू पोचवायला. मादीला त्या नसतात. जवळजवळ सगळ्या माद्या निघाल्या. नर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि एक असं निघालं की मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं: नराच्या नळ्या आहेत, पण आखूड, आणि पाचव्या पायांच्या मुळाशी मादीची जननछिद्रंही आहेत.

मग वाचत गेले आणि वोल्बाकियापाशी पोचले. हा पेशींच्या आत राहणारा जिवाणू. तो आईकडून अंड्यातून पिल्लांत जातो. शुक्राणूत त्याला जागा मिळत नाही, म्हणून नराच्या अंगात शिरलेल्या जिवाणूचा वंश तिथेच संपतो. आर्माडिलिडियममध्ये त्याने यावर काढलेला मार्ग असा, की नर होणाऱ्या पिल्लाला मादीच करून टाकायचं. दिखाऊ मादी नव्हे, अंडी घालणारी, पिल्लं वाढवणारी मादी.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते त्या आखूड नळ्यांनी. तो प्राणी 'बिघडलेला' आहे असं मला वाटत नाही. जिवाणू आणि त्या शरीराची स्वतःची ग्रंथी यांच्यात कोण आधी पोचलं, याची ती नोंद आहे असं वाटतं. जाणकारांनी कृपया लिहावं.

ओलीमाती

फार सुंदर धागा. 'कोण आधी पोचलं' हे अगदी बरोबर पकडलंत, त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या शरीरात लिंगाची संप्रेरकं मुख्यतः वृषण आणि अंडाशय तयार करतात. या कवचधारी प्राण्यांत तसं नाही. इथे नरपण एका वेगळ्याच छोट्या ग्रंथीतून येतं, तिला अँड्रोजेनिक ग्रंथी म्हणतात. मी सोयीसाठी नरग्रंथी म्हणतो. एलेन शार्निओ-कोतों या फ्रेंच संशोधिकेने १९५४ मध्ये ऑर्केस्टिया नावाच्या, किनाऱ्यावर उड्या मारणाऱ्या छोट्या प्राण्यात ही ग्रंथी दाखवून दिली. ग्रंथी असेल तर वृषणं आणि नळ्या तयार होतात. ग्रंथी नसेल तर शरीर आपोआप मादीच्या वाटेने जातं. मादीपणासाठी वेगळा आदेश लागत नाही, नरपणासाठी लागतो. वुडलाउसमधल्या या संप्रेरकाची रचना १९९९ मध्ये उलगडली, आणि ते आपल्या इन्सुलिनच्या कुळातलं निघालं.

आता वेळेचं पाहा. ही ग्रंथी जन्मताच तयार नसते, पिल्लू पिशवीतून बाहेर आल्यावर काही काती टाकता टाकता आकार घेते. त्याआधी वोल्बाकिया शरीरभर पुरेसा पसरला असेल तर ग्रंथी उभीच राहत नाही आणि पिल्लू पूर्ण मादी होतं. जिवाणू उशिरा आला किंवा कमी पडला तर ग्रंथी आधी काम सुरू करते, थोडं नरपण घडतं, आणि मग जिवाणू आड येतो. तुम्ही पाहिलेल्या आखूड नळ्या या दुसऱ्या वाटेच्या असाव्यात.

सूक्ष्मदर्शी

यात एक भर, जी मला या सगळ्या विषयातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट वाटते.

जिवाणू नसलेल्या साध्या मादीत नराची ग्रंथी काढून बसवली तर ती हळूहळू नर होते. पण वोल्बाकियामुळे मादी झालेल्या प्राण्यात तीच ग्रंथी बसवली तर ती दाद देत नाही. म्हणजे जिवाणू फक्त ग्रंथी होऊ देत नाही एवढंच नाही, संप्रेरकाचा निरोप ऐकण्याची सोयही तो बंद करतो. उलट बाजूने, मोठ्या झालेल्या नराला वोल्बाकिया टोचला तर त्याच्या नरग्रंथी सुजल्यासारख्या मोठ्या होतात आणि अंगावर मादीची छिद्रं उमटतात. ग्रंथी जीव तोडून संप्रेरक करते आहे, पण शरीर ते ऐकत नाही. आंतरलिंगी, म्हणजे नर-मादी दोघांची लक्षणं असलेल्या, वुडलाउसच्या आत डोकावलं तर बऱ्याचदा हेच चित्र असतं.

रातकिडा

हा तोच वोल्बाकिया का, जो डेंग्यूसाठी डासांत सोडतात?

सूक्ष्मदर्शी

कूळ तेच, उपजात वेगळी. हर्टिग आणि वोल्बाक या दोघांनी तो १९२४ मध्ये क्युलेक्स डासातच पहिल्यांदा पाहिला, म्हणून नावात वोल्बाक. आज अंदाजे निम्म्या कीटक-जातींत तो असावा असं मानतात. डेंग्यूच्या डासात मुळात तो नव्हता. फळमाशीतला आणून बसवला, आणि तो असलेल्या डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात घेतलेल्या चाचणीत असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी झाले, निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. हत्तीरोगाच्या कृमीत तर हा जिवाणू परजीवी नसून सोबती आहे. डॉक्सिसायक्लिनने तो मारला की कृमीही प्रजनन करू शकत नाही.

डासात तो कोणालाही मादी करत नाही. तिथे त्याची खेळी अशी, की जिवाणू असलेल्या नराचा जिवाणू नसलेल्या मादीशी संयोग झाला तर अंडी मरतात. पोर्सेलिओ डिलाटाटस या वुडलाउसमध्येही हाच प्रकार आढळतो. ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाश्यांच्या काही वंशांत तर नराविनाच पिल्लं होतात, आणि प्रतिजैविक दिलं की पुन्हा नर जन्मू लागतात. काही ठिकाणी जिवाणू नर-भ्रूण थेट मारून टाकतो. सामोआत हायपोलिम्नास बोलिना फुलपाखरांत एके काळी शंभरात एखादाच नर उरला होता. मग जिवाणूला दाद न देणारं जनुक पसरलं आणि साधारण दहा पिढ्यांत नर ४० टक्क्यांच्या आसपास आले. या सगळ्यांना मिळून प्रजनन-परजीवी म्हणतात.

कुतूहल

मला गणित कळत नाहीये. जिवाणू सगळ्यांना माद्या करत सुटला तर नर संपून जातच कसे नाहीत? आणि मुळात गुणसूत्रांचं काय होतं?

ओलीमाती

कागदावर मांडून पाहा. आर्माडिलिडियममध्ये आपल्यासारखं एक्स-वाय नाही, पक्ष्यांसारखं आहे: नर ZZ, मादी ZW. म्हणजे मुलगी ठरते ती आईच्या W मुळे.

आता जिवाणूने मादी केलेला प्राणी मूळचा ZZ. त्याचा संयोग होतो नराशी, तोही ZZ. पिल्लं सगळी ZZ. त्यातली ज्यांना जिवाणू मिळाला ती माद्या, ज्यांना नाही ती नर. समजा शंभर पिल्लांपैकी ९० जणांना जिवाणू गेला, तर ९० मुली आणि १० मुलगे. शेजारच्या साध्या ZW मादीला शंभरात ५० मुली. प्रत्येक पिढीत जिवाणूवाल्या माद्यांची संख्या अशी पुढे पळते, W वाल्या माद्या मागे पडत जातात, आणि काही ठिकाणी W पूर्ण नाहीसाच होतो. तिथे सगळे गुणसूत्रांनी नर, आणि कोण मादी व्हायचं ते ठरतं जिवाणू आहे की नाही यावर. एका जातीने लिंग ठरवण्याची आपली पूर्वापार पद्धत सोडून ते काम एका परजीवीच्या हाती दिलं, असं हे घडलं आहे. पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस या जातीतही अशा वस्त्या सापडल्या आहेत.

नर संपत नाहीत कारण जिवाणू कधीच शंभर टक्के पिल्लांत पोचत नाही. ती गळती हीच नरांची सोय. शिवाय एक नर अनेक माद्यांना पुरतो.

पाचोळा

ओलीमाती, माझ्या डब्यातल्या त्या थोड्या नरांचा अर्थ आता लागला. ते 'चुकून राहिलेले' आहेत, जिवाणू त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

मी असंही वाचलं की नर जिवाणूवाल्या माद्यांपेक्षा खऱ्या ZW माद्यांना पसंत करतात. फ्रान्समधल्या प्वातिएच्या संशोधकांनी २००१ मध्ये हे मांडलं. संयोगाच्या प्रयत्नांत फरक, आणि मिळणाऱ्या शुक्राणूंतही फरक. म्हणजे जो भेद आपल्याला भिंगातून दिसत नाही तो नराला जाणवतो.

मनवा

एक विनंती. मी 'आंतरलिंगी' या शब्दाशी माझ्या घरात जगते, माझ्या जवळच्या माणसाच्या निमित्ताने. धाग्यात आतापर्यंत कुणी वावगं बोललेलं नाही, उलट पाचोळा यांनी 'बिघडलेला नाही' असं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. पण 'परजीवीमुळे आंतरलिंगी' हे वाक्य संदर्भ सुटून माणसांना लावलं जाऊ नये. माणसातली आंतरलिंगी शरीरं हा जिवाणूचा परिणाम नाही. गुणसूत्रं, जनुकं, संप्रेरकांना मिळणारा प्रतिसाद यांतल्या नैसर्गिक विविधतेचा तो भाग आहे, आणि वोल्बाकिया माणसाच्या पेशींत वस्ती करत नाही. एवढं स्पष्ट लिहून ठेवलं तर मी पुढचं मोकळेपणाने वाचेन.

पाचोळा

मनवाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद धाग्यातच राहील, आणि तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी इथे 'उभयलिंगी' हा शब्द मुद्दाम टाळते आहे. तो गांडूळ, गोगलगाय यांच्यासाठी, जिथे प्रत्येक प्राण्यात दोन्ही अवयव नेहमीच असतात आणि दोन्ही काम करतात. वुडलाउसमध्ये तसं नसतं, म्हणून 'आंतरलिंगी'. काही आंतरलिंगी वुडलाउसना पिल्लं होतात, काहींना होत नाहीत.

चिकित्सक

धागा आवडला, पण जरा थांबू या. सगळ्या माद्या निघाल्या म्हणजे वोल्बाकियाच, हे कशावरून?

ट्रायकोनिस्कस नावाचे इवलेसे वुडलाउस आहेत, त्यांच्या काही वंशांत नर जवळजवळ नसतातच. अल्बेर वांदेल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने दाखवलं की त्या माद्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि त्या संयोगाविना पिल्लं देतात. तिथे जिवाणूचा संबंध नाही. दुसरं, आर्माडिलिडियमची मादी नराचे शुक्राणू महिनोन्महिने साठवून ठेवते. एकटी ठेवलेली मादी व्याली म्हणून कुणी 'नराविना पिल्लं' असा निष्कर्ष काढू नये. आणि आंतरलिंगी लक्षणं जिवाणूशिवाय, संप्रेरकाच्या प्रतिसादातल्या बिघाडानेही येऊ शकतात.

डीएनए तपासल्याशिवाय खात्री नाही.

सूक्ष्मदर्शी

चिकित्सक, सहमत. आणि तुमचा मुद्दा पुढे नेला तर आणखी विलक्षण जागी पोचतो. जिवाणू तपासला, नाही सापडला, तरी सगळ्या मुलीच, असे आर्माडिलिडियमचे वंश खरोखर आहेत! प्वातिएमध्ये लेग्राँ आणि ज्युशो यांनी कित्येक वर्षं हे वंश सांभाळले. तिथे W नाही, वोल्बाकिया नाही, तरी काहीतरी मादी घडवतंय. त्या अनोळखी गोष्टीला त्यांनी नुसतं f म्हटलं, आणि १९८४ मध्ये अंदाज मांडला की हा जिवाणूचाच गुणसूत्रात शिरलेला तुकडा असावा.

२०१६ मध्ये तो अंदाज खरा ठरला. वोल्बाकियाचा जवळपास अख्खा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय लिपी, काही भागांच्या दुसऱ्या प्रतींसकट, डीएनएची सुमारे ३० लाख अक्षरं, वुडलाउसच्या गुणसूत्रात जाऊन बसलेला सापडला. जिवाणू स्वतः गेला, त्याची लिपी राहिली, आणि ज्या गुणसूत्रावर ती बसली ते त्या वंशाचं नवं W झालं. लिंग-गुणसूत्र जन्माला येताना पाहायला मिळणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. आणि त्याच्या विरुद्ध बाजूला, f असूनही नर घडवणारं एक प्रबळ जनुकही काही वंशांत आहे.

शब्दवेल्हाळ

विज्ञानात गती नाही, पण एक विचारते. Z आणि W इतके वेगळे असतील तर W नाहीसा झाल्यावर जातीचं काही बिघडत कसं नाही? माणसात एकही एक्स नसेल तर जगणंच शक्य नाही.

ओलीमाती

फार मार्मिक प्रश्न, ताई. उत्तर असं की ते वेगळे नाहीतच. सूक्ष्मदर्शकाखाली Z आणि W एकमेकांसारखेच दिसतात, आणि जीनोम वाचल्यावरही W वर खास असं फारच थोडं सापडलं. त्यामुळे दोन्ही W असलेले प्राणीही जगतात. जुन्या प्रयोगात ZW मादीत नरग्रंथी बसवून तिला नर केलं, त्याचा संयोग दुसऱ्या ZW मादीशी घडवला, आणि WW पिल्लं मिळाली, धडधाकट. अशा WW मादीची ZZ नरापासूनची झाडून सगळी पिल्लं ZW, म्हणजे मुली, आणि तेही जिवाणूविना.

इतकी सारखी गुणसूत्रं असल्यामुळेच इथे लिंग ठरवण्याच्या पद्धती पुन्हा पुन्हा बदलू शकल्या असाव्यात. एक गेली तरी शरीराचं काही अडत नाही.

पाणकोळी

माझं काम कोळंबीपालनातलं, म्हणून नरग्रंथी वाचून थांबलो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीत, मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीत, नर जास्त वाढतात, म्हणून फक्त नर हवे असतात. त्यांचंही ZZ-ZW. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या गटाने लहान नरांत या ग्रंथीचं इन्सुलिनसारखं जनुक गप्प केलं आणि ZZ नराचं रूपांतर अंडी देणाऱ्या मादीत झालं. तिची ZZ नरापासूनची पिल्लं सगळी नर. धागा वाचताना लक्षात आलं की वोल्बाकियाने वुडलाउसमध्ये याच कळीवर बोट ठेवलं होतं, फक्त त्याला मुली हव्या होत्या.

खेकड्यांवरचा सॅक्युलिना आम्हाला ओळखीचा. तो जिवाणू नव्हे, बार्नॅकलच्या, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांच्या, नात्यातला परजीवी. नर खेकड्याचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो परजीवीची पिशवी स्वतःची अंडी असावीत तशी जपतो. तिथे मात्र खेकडा वांझ होतो. वोल्बाकियाला मादीची कूस चालू हवी असते, म्हणून हा फरक.

रातकिडा

मग डब्यातले वुडलाउस जिवाणूमुक्त करता येतात का? आणि एकाचा दुसऱ्याला लागतो का?

सूक्ष्मदर्शी

उष्णतेने होतं. ३० अंशांच्या आसपास वाढवलं की जिवाणू हळूहळू नाहीसा होतो आणि पुढच्या पिल्लांत नर वाढतात. तापमान अधलंमधलं राहिलं तर आंतरलिंगी पिल्लं होण्याची शक्यता वाढते. घरच्या डब्यात हे करू नका, ओलावा उडाला की हे जीव दगावतात.

दुसऱ्याला लागणं हे जखमेतून, रक्ताला रक्त लागल्यावर घडतं असं प्रयोगात दिसलं आहे. एरवी वाट आईकडूनच.

चिकित्सक

पाचोळा, तुमच्या त्या आंतरलिंगी वुडलाउसची तपासणी केलीत का? करायची तर नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. जखमेवर लावायचं स्पिरिट नको, डीएनए खराब होतो.

पाचोळा

तो अजून जिवंत आहे आणि मी त्याला तपासणीसाठी मारणार नाही. त्याच्याच दोन बहिणी वार्धक्याने गेल्या, त्या लगेच अल्कोहोलमध्ये ठेवल्या आहेत. ओळखीतल्या एकांनी पीसीआर, म्हणजे ठरावीक डीएनए शोधण्याची चाचणी, करून द्यायचं कबूल केलं आहे. त्यांच्यात जिवाणूच्या पृष्ठप्रथिनाचं जनुक सापडलं तर वोल्बाकिया नक्की. नाही सापडलं तर सूक्ष्मदर्शींनी लिहिलेला f डोक्यात ठेवून पुढचं शोधायचं.

त्याला वेगळ्या डब्यात एका नरासोबत ठेवलं आहे. काल त्याच्या पोटाखाली पुढच्या बाजूला चुन्याचे पांढरे डाग दिसले. कात टाकण्याआधी कवचातला चुना तिथे साठवतात. आज सकाळी मागचा अर्धा भाग कात टाकून झाला. मी हात लावला नाही, काचेच्या तळातून भिंगाने पाहिलं. नळ्या मागच्या वेळेइतक्याच आहेत, वाढलेल्या नाहीत. पुढचा अर्धा भाग दोन-तीन दिवसांत निघेल. पाचव्या जोडीचे पाय मागच्या भागात येतात, त्यामुळे छिद्रंही आज नव्या कातडीवर दिसली, आणि ती पूर्वीपेक्षा ठळक आहेत.